चाँदबीच्या गळ्यातली पाचर

मी एक सिलिकॉनची पाचर आहे. शेंगदाण्याएवढी. मित्रांनो, पाचर मारली की काम बिघडतं, असं लोक म्हणतात. मला मात्र एका बाईचा आवाज जुळवण्यासाठी घडवलं गेलं.

ती बाई म्हणजे पौडची चाँदबी. नवऱ्याबरोबर, कमरुद्दीनबरोबर, ती बाजारात बांगड्या विकायची. काचबिंदूने त्याची नजर गेली, तेव्हापासून तो तिच्या आवाजावरच वावरायचा. "उंबरा आला," "डावीकडं वळा," असं ती सांगत राहायची.

मग चाँदबीच्या गळ्यात गाठ आली. ती काढताना गाठीलाच चिकटलेली एक नस दुखावली आणि गळ्यात आवाज काढणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी डावी लुळी पडली. बोलताना दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडेनात, नुसती हवा निसटे. पाणी पिताना ठसका लागे. कमरुद्दीन हाका मारत घरात चाचपडायचा. चाँदबी चार पावलांवर असायची, पण तिची ओ त्याच्यापर्यंत पोचत नसे.

पुण्याच्या डॉक्टर सुलक्षणांनी मला एका पांढऱ्या ठोकळ्यातून कोरलं. चाँदबीचा गळा बधिर केला होता, पण ती जागी होती. कंठाच्या कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, लहानशी खिडकी पाडून त्यांनी मला आत सरकवलं. मी लुळ्या पट्टीला मधोमध रेटलं.

"बोला, चाँदबी."

"या अल्ला! माझाच आवाज हाय ह्यो!"

"आता खोल श्वास घ्या."

श्वास आत जाताना बारीक शीळ वाजली. डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. "जाड झाली. आवाज आणि श्वास एकाच वाटेने जातात, चाँदबी. ती फार अरुंद केली, तर चढावर दम कोंडेल."

मी निघताच चाँदबीचा आवाज पुन्हा गेला. ती कुजबुजली, "कोंडू द्या. त्यास्नी दिसत न्हाई. मोठाच आवाज द्या."

"त्यांना नुसता आवाज हवाय का? तुम्ही नकोत?"

चाँदबीचे डोळे भरून आले. तिने हाताने होकाराची खूण केली. डॉक्टरांनी मला तासून पुन्हा बसवलं. आवाज जरा घोगरा आला, पण श्वास मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घशाला आतून सूज चढली. मी जागच्या जागी होते, पण वाट आक्रसत चालली होती. उशाशी बसलेल्या कमरुद्दीनने कान टवकारले.

"सिस्टर! हिचा श्वास घरघरतोय! लवकर या!"

सिस्टर धावत आली. ऑक्सिजन लावला, सूज उतरायचं इंजेक्शन दिलं. श्वास शांत होईपर्यंत कमरुद्दीनने चाँदबीचा हात सोडला नाही.

आता चाँदबी घरी आहे. चढावर ती मध्येच थांबते, कारण माझ्यामुळे वाट थोडी अरुंद झाली आहे, ती झालीच. मित्रांनो, कुणी असं वाटेत थांबलं तर घाई करू नका. कुणी हळू बोललं तर जवळ जाऊन ऐका. तेवढं केलंत तरी पुष्कळ आहे.

परवा चाँदबी अंगणात वाळवण घालत होती. आत कमरुद्दीनने चाचपडत साखरेचा डबा उघडला. झाकण वाजलं.

"डॉक्टरनं तुमची साखर बंद केलीया ना? ठेवा तो डबा खाली!" चाँदबी अंगणातूनच गरजली. मी आत थरथरले.

कमरुद्दीनने डबा खाली ठेवला. मग दाराकडे तोंड करून तो हसत म्हणाला, "आनखी एकदा वरड की."