नाकावर आलेलं कपाळ

ठमाबाईने नाकाच्या शेंड्याला बोट लावलं की ते कपाळाला लागायचं. आता यात माणसाने काय समजावं?

नाकावरची गाठ कॅन्सरची निघाली. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी ती कापली आणि खड्डा भरायला कपाळाच्या कातडीची पट्टी सोडवून, खाली वळवून नाकावर शिवली. पट्टीचं एक टोक अजून भुवईपाशी जोडलेलंच होतं. तिथून तिला रक्त मिळायचं, आणि स्पर्शही अजून कपाळाचाच कळायचा. तीन आठवड्यांनी, नाकाने ती धरली की, ते टोक कापायचं. तोवर तोंडावर ही मांसाची सोंड. सकाळी सवयीने कुंकवाचं बोट वर जाई, तर तिथे टाके. कपाळ खाली, नाकावर. कुंकू लावायचं तरी कुठे, हे सांगायला कुणी भेटेना.

सोनबाने जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं. तोच आता रोज कापसाने बायकोचं नाक पुसत होता. दवाखान्यातल्या शगुफ्ता सिस्टरने त्याला दम भरला होता, "बाबा, रंग बघत जा. गुलाबी असला तर छान. निळा-काळा पडला तर कातडी मरतेय, लगेच या. कपाळ काही पुन्हा पुन्हा मिळत नाही."

आठव्या दिवशी शेंड्यावरची खपली सुटली आणि सोनबाच्या हातातला कापूस गळाला. खाली मुगाएवढा निळा-हिरवा ठिपका.

"गो, निळा पडलाय."

"नाक का कपाळ?" ठमाबाईने विचारलं.

"मला काय ठावं? चल आधी!"

जीपने पोलादपूर, तिथून एसटीने महाड. ठमाबाईने पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि गाडीतच रडायला लागली. नाक गेलं ते गेलंच, आता कपाळही चाललं, आणि दुखत तर काहीच नव्हतं. मरणाऱ्या कातडीला दुखू नये? तिच्या डोक्याचा नुसता काला झाला.

डॉक्टरीणबाईंनी ठिपक्याशेजारी बोट दाबलं, सोडलं. पांढरं पडलेलं कातडं पुन्हा गुलाबी झालं.

"झकास जगलीय पट्टी."

"मग ह्ये निळं?" सोनबाचा आवाज चढला.

"अहो, गोंदण आहे ते! ऑपरेशनच्या वेळी कुंकू पुसलं तेव्हा दिसलं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊकच असणार."

सोनबा वाकून ठिपका बघायला लागला. पंचेचाळीस वर्षं संसार केला, पण बायकोचं कपाळ त्याने कुंकवाशिवाय पाहिलं नव्हतं. आंघोळ करून बाहेर येतानाच ते लागलेलं असायचं. आणि ठमाबाई? तिला आरसा कधी लागलाच नाही, बोटाला जागा पाठ होती. सात वर्षांची असताना आईने डोकं गुडघ्यांत घट्ट धरलं होतं, गोंदणारणीची सुई टोचत होती, आणि ती बोंबलत होती. आई म्हणाली होती, "मेल्यावर दागिनं हितंच काढून घेतात गो. ह्ये तेवढं वर संगती येतं." लग्नानंतर त्यावर कुंकू बसलं, ते बसलंच. तीही विसरून गेली.

"पुढच्या ऑपरेशनला हे गोंदण कापून टाकू का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "नाकावर चमत्कारिक दिसेल."

"टाका," सोनबा घाईने म्हणाला. "लोक काय म्हनतील?"

ठमाबाईने बोट ठिपक्यावर ठेवलं. ते आईने गोंदवून घेतलेल्या जागी, थेट कपाळावर लागलं.

"नको," ती म्हणाली. "आयनं कपाळावर दिलंय. अजून कपाळावरच हाय."

"आजी, टोक कापलं की हे असं वाटणं जाईल हं. मग बोट कपाळाला नाही लागणार."

ठमाबाईने ठिपक्यावरचं बोट आणखी दाबलं.

"मग तर राहूच दे, बाय. हाताला नाय गावलं तर डोळ्याला तरी दिसंल."