मधमाशीची सहा झाकणं

देविकानं तिसरं झाकण उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि न अडखळता वाचलं, की राणीमाशी दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालते. बोट ओळीच्या टोकाला पोचलं तेव्हा वाक्यही तिथेच संपलं. मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी "वाह बेटा" म्हणालं. तिच्या आईच्या, सुनीतीच्या, तोंडातला चहाचा घोट मात्र गिळायचा राहून गेला. तिसऱ्या झाकणाखाली राणीमाशी नव्हती. तिथे लिहिलं होतं, नर माशीला नांगी नसते.

सकाळी फोल्डर गाडीत ठेवताना दोन झाकणं निखळली होती. थंडीत गोंद लवकर धरत नाही. सुनीतीनं ती गाडीतल्या गाडीत चिकटवली आणि गडबडीत तिसऱ्याच्या जागी पाचवं गेलं. सगळी झाकणं सारखीच होती, वरून नुसता पिवळा षट्कोन, मजकूर आत. चूक सभागृहाच्या दारातच तिच्या लक्षात आली होती. पण पोरगी वाचूनच तर दाखवणार, मग क्रमानं काय बिघडतं, असं म्हणून तिनं सोडून दिलं होतं.

देविकानं पाचवं झाकण उघडलं. तिथे आता राणी होती. देविकानं बोट फिरवत नर माशीला नांगी नसल्याचं वाचलं. टाळ्या पडल्या.

याला तिच्या मंडळात लॅपबुक म्हणत. मांडीवर मावेल असं जाड कागदाचं फोल्डर, त्यात झाकणं, खिसे, चिमुकल्या पुस्तिका, आणि एका फोल्डरमध्ये एक विषय. फरीदाबादमध्ये मुलांना घरीच शिकवणाऱ्या दहा-बारा कुटुंबांचं हे मंडळ होतं. महिन्यातून एका शनिवारी मुलं आपापली फोल्डरं उघडून दाखवत. या वेळी इंद्रजित पहिल्यांदाच आला होता, आणि तो नवरा म्हणून नाही, परीक्षक म्हणून आला होता. एप्रिलमध्ये देविकाला शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवायचं की नाही, हे आज ठरणार होतं. कारखान्यात गिअर तपासून पास-नापास करणारा माणूस. तो मोबाइल उभा धरून सगळं टिपत होता.

कार्यक्रमानंतर मंडळ चालवणाऱ्या हेमलता मॅडमनी सुनीतीचा हात धरला. "सुनीती, अगली बार आप सबको सिखाइए, ये कैसे करवाती हैं. बच्ची का पढ़ना देखिए, एकदम साफ़." सुनीती हसली. काय हसली ते तिचं तिलाच कळलं नाही.

गाडीत इंद्रजित खुशीत होता. इतका खुशीत तो पगारवाढीच्या दिवशीही नव्हता. "चलो, मानलं यार तुला," तो म्हणाला. "मला वाटायचं तू नुसती कात्री-कागद खेळतेस तिच्याशी. पण ही तर बिल्कुल फटाफट वाचते. शाळेचं राहू दे." तीन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं सिग्नलला थांबल्या थांबल्या मिळालं, आणि सुनीतीला ते घेता येईना. मागच्या सीटवर देविका खिडकीला गाल लावून गुणगुणत होती.

देविकाला दुसरीतून काढलं तेव्हा वर्गशिक्षिकेची तक्रार एवढीच होती, की मुलगी फळ्यावरचं उतरवून घेत नाही, लक्ष नाही. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या, बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या सुनीतीला ते झोंबलं. शाळेला शिकवता येत नाही म्हणून दोष पोरीचा, असं ती तेव्हा म्हणाली होती. मग घरात फोल्डरं तयार होऊ लागली. पाणी, दात, मोगल बागा, घार. सुनीती माहिती शोधायची, मोठ्यानं वाचायची. देविका कापायची, चिकटवायची, आणि रमायची. खरोखर रमायची, ते काही नाटक नव्हतं. लिहायची मात्र सुनीतीच. देविकाचं अक्षर मोठं आणि वेडंवाकडं, ओळ सोडून उतरणारं. आणि फोटो मंडळाच्या ग्रुपवर जायचे.

जेवणं झाल्यावर देविका आजीजवळ गेली तशी सुनीतीनं सहाही झाकणं सोलून काढली आणि सगळ्यांच्या जागा बदलल्या. मग तिनं हाक मारली.

"परत वाचू? सकाळी वाचलं की."

"मला ऐकायचंय."

देविकानं वाचलं. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत, बोट ओळीखालून सरकवत, स्वल्पविरामाला थांबत. एकही शब्द चुकला नाही आणि एकही शब्द समोरच्या कागदावर नव्हता.

सुनीतीनं एका अक्षरावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

देविकानं कागद जवळ घेतला, लांब नेला, मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. "थांब. मी बघते तेच जातं. बाजूचं राहतं."

"जातं म्हणजे?"

"म्हणजे नसतं. मधे पुसल्यासारखं होतं."

"कधीपासून, देवू?"

"शाळेत होते तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?" सुनीतीचा आवाज चढला, तो तिनं खाली आणला.

देविकाला प्रश्नच कळला नसावा. "मला वाटलं, असंच असतं. लहान असताना अक्षरं बघून वाचायचं, मग मोठं झालं की पाठ करून. आजी नाही का, पोथी उघडून ठेवते आणि डोळे मिटून वाचते? पानं पण उलटते." मग तिला शंका आली. "मी चुकले का कुठे?"

"नाही," सुनीती म्हणाली. "एकही शब्द चुकला नाहीस."

बाहेरच्या खोलीत इंद्रजित मोबाइलवरचं चित्रण नातेवाइकांना पाठवत होता. सुनीतीनं त्याला सांगितलं ते दोन-तीन वाक्यांतच. त्यानं चित्रण पुन्हा लावलं, या वेळी आवाज बंद करून. बोट ओळीवरून सरकत होतं आणि पोरीचा चेहरा कागदाकडे नव्हताच, खांद्याच्या बाजूला होता. शाळेत असती तर, हे वाक्य तो आता बोलेल म्हणून सुनीती उभी राहिली. तो बोलला नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. बोलला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

दिल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टर वयानं सुनीतीपेक्षा लहान होत्या. डोळ्याच्या पडद्याचा फोटो दाखवून त्यांनी समजावलं. बरोबर मधला भाग झिजतो आहे, आजार आईबाप दोघांकडून मिळून आलेला, चष्म्याचा उपयोग नाही, थांबवणारं औषध आज तरी नाही. कडेची नजर बहुतेक राहील. शाळेनं कधी कळवलं नाही का, असं त्यांनी विचारलं. मुलगी घरीच शिकते हे ऐकल्यावर त्या "अच्छा" म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या.

सुनीतीला विचारायचा होता तो एकच प्रश्न तिनं विचारला. तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर.

"बीमारी तो नहीं रुकती," डॉक्टर म्हणाल्या. मग पेन खाली ठेवलं. "मैग्नीफ़ाइंग ग्लास मिला होता, बड़े अक्षर मिले होते. और उसे पता होता, कि बाकी लोगों को दिखता है."

परतीच्या मेट्रोत देविका दोघांच्या मधे बसली होती. एकेक स्टेशन मागे पडत होतं. मग तिनं विचारलं, "आई, तुला सगळं दिसतं? मधलं पण?"

"हो."

"नेहमी?"

"हो, बाळा."

"बाबांना पण?"

इंद्रजितनं मान हलवली. मग ती तिला दिसली नसेल असं वाटून "हो" म्हणाला. बदरपूर आलं आणि गेलं, तरी देविकानं आणखी काही विचारलं नाही. आजीबद्दलही नाही.

पुढचे काही दिवस सुनीतीनं एकही फोल्डर बाहेर काढलं नाही. हेमलता मॅडमचा फोन आला, तो तिनं वाजू दिला. भिंग आलं, जाड काळी पेनं आली. देविका भिंगानं एकेक अक्षर गोळा करायची, शब्द पुरा होईतो सुरुवातीचं अक्षर विसरायची आणि रडायची. पाठांतरात तिचा हात कुणी धरला नसता, पण आता पाठांतराला मनाई होती.

एका दुपारी ती कात्री घेऊन आली. कोरा जाड कागद तिनं मधोमध दुमडून आणला होता, कडा एकमेकींना तंतोतंत जुळलेल्या.

"करूया ना एक," ती म्हणाली. "घरातली माणसं. पहिली तू."

सुनीतीला नाही म्हणायचं होतं. तिनं जाड पेनाचं टोपण काढलं. "काय लिहू?"

"लिहू नको. मी सांगते तसं काढ."

देविका समोर बसली आणि सांगू लागली. आधी केस, वर विस्कटलेले. मग कान. कानातली कुडी, उजवीकडची जरा लोंबते ती. चष्म्याच्या काड्या, कानामागे जाणाऱ्या. शालीची कड, त्यावरची लाल रेघ. सुनीती काढत गेली. शेवटी पेन कागदाच्या मध्यावर येऊन थांबलं.

"आणि इथे?"

"तिथे काही नाही. झालं."

सुनीतीनं पेन उचललं. देविकानं कागद घेतला, उजेडात धरला आणि मान वळवून बराच वेळ पाहिला.

"छान आलीयेस," ती म्हणाली.