वाट पूर्ववत करावी

टेकडीवरची पायवाट सार्वजनिक जमिनीवर आहे. म्हणजे ती सगळ्यांची आहे, म्हणजे तिच्याकडे कोणीच बघत नाही. पाण्याने ती मधोमध खचली, तेव्हा जमीन कार्यालयाने 'दुरुस्ती प्रस्तावित' असा फलक लावला. चार वर्षांनी फलक पडला. कार्यालयाने फलकाची दुरुस्ती केली.

शेवटी एका निवृत्त शिंपिणीने कुदळ उचलली. सोबत पोस्टमन, दंतवैद्य आणि एक गवंडी. दर रविवारी चौघांनी पाणी बाजूला काढायला तिरपे चर खणले, दगडी पायऱ्या बसवल्या. वाट चालण्याजोगी झाली आणि लगेच कार्यालयाच्या डोळ्यांत खुपली.

नोटीस घेऊन आला तो शिंपिणीचा भाचा, त्याच कार्यालयातला कारकून.

"आत्या, इथे सही कर."

"आधी बस. काय लिहिलंय?"

"विनापरवाना दुरुस्ती केली म्हणून पंधरा दिवसांत वाट पूर्ववत करावी. नाहीतर तार ठोकून कायमची बंद."

"म्हणजे पायऱ्या उपटून खड्डे परत पाडू?"

"हो. खड्ड्यांची मापं जुन्या अहवालात आहेत," भाचा प्रामाणिकपणे म्हणाला. "हवी तर देतो."

आत्याने चष्मा लावला. "हे लिहिलं कोणी?"

"मी. साहेबांनी नुसती सही केली."

"पूर्ववत म्हणजे कधीसारखी रे?"

"म्हणजे... आधीसारखी."

"कधीच्या आधी? लहानपणी मी आणि माझी मैत्रीण इथून हातात हात घालून जायचो. तेवढी रुंद अजून झालेली नाही. वरचं वळण राहिलंय. तुमचा हुकूम मी कशाला मोडू? पंधरा दिवसांत करते पूर्ववत."

"आत्या, असा अर्थ होत नाही. साहेब चिडतील. माझी बढती अडकलीय."

"मग लिहून दे. कोणत्या वर्षाचे खड्डे हवेत ते लिही आणि खाली सही कर. तुझी."

भाच्याने पेन काढलं. वर्ष आठवत होतं, मापं पाठ होती, पण हात चालेना. नोकरीच्या नऊ वर्षांत आपलंच वाक्य त्याला आज पहिल्यांदा अर्थासकट वाचावं लागलं होतं. त्याने पेनाला टोपण लावलं.

"वरच्या वळणाला किती माणसं लागतील?"

"सहा. आहोत चौघं."

"पाच धर."

पंधराव्या दिवशी साहेब तारेचं भेंडोळं आणि ती ठोकणारा माणूस घेऊन वर आले. वळणावर त्यांचा कारकून गुडघाभर चिखलात दगड बसवत होता.

"तुम्ही इथे काय करताय?"

"आपल्या आदेशाची अंमलबजावणी, साहेब. वाट पूर्ववत करतोय. माझ्या बढतीची फाईल थांबवायची तर खुशाल थांबवा. पण तार ठोकायची असेल, तर मी इथून उठणार नाही. माझ्यावरून ठोका."

साहेबांनी स्वतःच्या सहीचा कागद वाचला. दुसऱ्यांदा वाचला. तारवाल्याला परत पाठवलं. त्यांचं हृदय पाझरलं असं नाही. नवा आदेश काढायला जुनी फाईल शोधावी लागली असती.

भाच्याची बढती त्या वर्षी हुकलीच. वाट मात्र उघडी आहे.

तेव्हा नागरिकहो, जे सगळ्यांचं आहे ते सांभाळायला परवानगीची वाट बघत बसाल, तर चालायची वाट उरणार नाही. रविवारी सात वाजता या. कुदळ आपापली आणा.