नुसतंच ‘दिसलं की’

मी दुर्बीण बोलतेय. आजवर जो तो माझ्यातून बघायला आला, माझं ऐकायला मात्र कुणी आलं नाही. तेव्हा आज जरा ऐकाच.

काचा, दोन नळ्या, मध्ये बिजागरी आणि डोळ्यांच्या बाजूला मऊ रबराच्या दोन वाट्या, एवढाच माझा देह. सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या श्रीमंत मालकांनी मला हौसेनं घरी आणलं. त्यांचं डोकं भलं मोठं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या नळ्या अंदाजानं नको तितक्या फाकवल्या त्या फाकवल्याच.

मग मी पाहुण्यांच्या हातांतून फिरू लागले आणि माणसांची एक गंमत मला कळली. डोळे लावायचे, काळ्या सावल्या बघायच्या आणि म्हणायचं, “दिसलं की. लई भारी.” मालकाचं मन कशाला मोडा? पण डोळे माझ्या इतक्या जवळ येतात की त्यांचं खोटं मला लगेच कळतं. मला मेलीला तोंड नाही, म्हणून गप्प बसायचे.

गेल्या हिवाळ्यात मालक कारखान्यातल्या बायकांना हिप्परग्याच्या तलावावर घेऊन गेले. लांब पाण्यात पक्षी उतरले होते. मी हातोहात फिरले. “दिसलं की.” “व्हय, दिसलं.” शेवटी आले अकबरीभाभीच्या हातात. ही टॉवेलच्या कडा शिवणारी, जाड चष्म्याची. वर्षापूर्वी तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. तिनं मला चष्म्यावर टेकवलं, इकडं सरकवलं, तिकडं सरकवलं. समोर नुसता काळोख.

सगळ्या झाडाखाली जेवायला बसल्या. भाकरी होती, शेंगाची चटणी होती, पण भाभीचा घास हातातच राहिला. मी तिच्या मांडीवर तशीच पडून होते.

“काय झालं, भाभी?” शेजारच्या महानंदानं विचारलं.

“सगळ्यास्नी दिसलं, मलाच काय दिसंना. दुसराबी डोळा चालला वाटतं. आता मशीनवर कशी बसू मी?”

महानंदा चपापली. मालक लांब आहेत हे बघून हळूच म्हणाली, “मलाबी न्हाय दिसलं. मालक हुबे होते म्हणून म्हणलं.”

“मलाबी न्हाय,” पलीकडून पूनम म्हणाली, आणि मग एकेक करत सगळ्याच कबूल झाल्या.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना? इथं अंगण खरंच वाकडं होतं. भाभीनं मला उचललं, उलटंपालटं केलं. “झंपर बसला न्हाय तर दंड कापतो का आपण? शिवण उसवतो की.” चष्मा अडत होता तिथलं माझं रबर तिनं कड दुमडावी तसं खाली दुमडलं. मग नळ्या हळूहळू वाकवत जवळ आणल्या. दोन गोल एकात मिसळले. मी पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्यांवर नीट बसले. मलासुद्धा हायसं वाटलं.

भाभीनं मला पाण्यातल्या एका पक्ष्यावर रोखलं. मग म्हणाली, “त्याच्या चोचीवरचं पाणी दिसतंय गं. हायेत की माझे डोळे.” आणि हसता हसता रडायला लागली.

जरा वेळानं मालक आले. आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं बघून म्हणाले, “भाभी, मलाबी तेवढं बसवून द्या. खरं सांगू? मला कदीच दिसलं न्हाय.”

आता मी कारखान्यातच असते, भाभीनं शिवलेल्या टॉवेलच्या पिशवीत. सुट्टी आली की सगळ्यांना हवी असते. तुमच्या हाती कधी आले तर मला वाकवा, रबर दुमडा, घाई करू नका. तरीही दिसलं नाही, तर खुशाल नाही म्हणा. मला राग यायचा नाही, आणि शेजारच्या एखादीच्या घशाखाली घास तरी उतरेल.