शांतादेवींच्या छातीवर टेकलेला स्टेथोस्कोप

मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. माझी रबरी नळी आता तडकली आहे आणि चकतीची चमक उडाली आहे. मित्रांनो, केदारनाथ डॉक्टरांनी मला १९९१ साली औरंगाबादेत शिकताना विकत घेतले. पुढे बीडच्या त्यांच्या दवाखान्यात मी हजारो छात्या ऐकल्या. पण खरा भ्यालो तो २००३ साली.

एके दिवशी डॉक्टरांच्या आई, शांतादेवी, लिंबागणेश गावाहून दवाखान्यात आल्या. चार पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती. डॉक्टरांनी मला त्यांच्या छातीवर टेकवले. ठोके भलतेच पडत होते. दोन घाईने, मग थांबा, मग चार एकदम! डॉक्टरांनी मला जागा बदलून पुन्हा पुन्हा टेकवले.

"कावून गप झालास?" आईंनी विचारले.

"कधीपासून होतंय हे?"

"दिवाळीपासून. तू कामात असतोस, म्हनून बोलले न्हाई."

गोळ्या झाल्या, ठेका जागेवर आणायला छातीला विजेचा झटका देऊन झाला. महिनाभरात ठेका पुन्हा विस्कटला. अशा ठोक्यांनी हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाईल, या धास्तीने डॉक्टरांना जेवण जाईना. अखेर पुण्याच्या तज्ज्ञांनी दोन वाटा सांगितल्या. डॉक्टरांनी त्या आईंना समजावल्या.

"एकीत छाती उघडून हृदयावर, ठेका बिघडवणाऱ्या जागी, बारीक डाग देतात. एकदाच करून ठेका बसण्याची आशा जास्त, पण धोकाही जास्त. दुसरीत जांघेतल्या शिरेतून नळी वर नेऊन आतूनच डाग देतात. अंगाला सोसवतं, पण पुन्हा करावं लागू शकतं."

"बैलाला देत्यात तसला डाग?" आईंनी गळ्यातले इष्टलिंग मुठीत धरले. "तुजं मन काय म्हनतंय?"

"मला भीती वाटते, आई."

"मला बी लई भ्या वाटतंय. नळीच घालू. पुन्यांदा करावं लागलं, तर पुन्यांदा भिऊ."

तसेच झाले. पाच महिने ठेका टिकला आणि पुन्हा बिघडला. आई पुन्हा पुण्याला गेल्या आणि नळी दुसऱ्यांदा घातली.

परतल्यावर कित्येक महिन्यांनी डॉक्टरांनी मला पुन्हा आईंच्या छातीवर ठेवले. ठोके एकसारखे पडत होते. तपासणी संपली, तरी डॉक्टर मला उचलेनात.

"बास की आता," आई म्हणाल्या. "भाईर लोकं खोळंबलेत."

मित्रांनो, आपल्या माणसाला धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. भीत भीत का होईना, पण न्या.