केसभर फट

पातं आत गेलं, पण कसं गेलं ते मला कळलं नाही.

धरून गेलं, की सुळकन गेलं, की नुसतंच गेलं? तेवढं कळावं म्हणूनच तर ते असतं. फिलर गेज म्हणजे कागदासारख्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली. कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्हवरची टोपी यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. त्या फटीत पातं सरकवायचं आणि हलकेच ओढायचं. ओढताना कुणी जरा धरून ठेवल्यासारखं वाटलं की माप बरोबर. डोळ्यांना यात काही काम नाही, सगळा कारभार बोटांच्या टोकांचा.

"किती आलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तीस," मी ठोकून दिलं आणि वहीत लिहिलं. तीस म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केले, तर त्यातले तीस.

डॉक्टरबाई म्हणजे दातांच्या डॉक्टर. दुपारी दवाखाना बंद असला की गॅरेजमध्ये येऊन उभ्या राहायच्या. गाडी त्यांचीच. दोन दारांची, बुटकी, लाल रंग उडून विटकरी झालेली आणि दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली. या वयात गाड्या भंगारात जातात. बाईंनी मात्र तिच्यासाठी जास्त ताकदीचे दोन कॅमशाफ्ट मागवले होते. वर्षातून दोनदा त्या गाडी घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर जायच्या आणि तिथे म्हणे वरच्या वेगात हिला दम लागायचा. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराच्या गाठी असतात, त्या व्हॉल्व्ह दाबून उघडतात. गाठ जितकी उंच, तितका व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि इंजिन तितका मोठा श्वास घेतं. "म्हातारीला नवीन फुफ्फुसं बसवतोय," असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो. असले विनोद करायला बोटं लागत नाहीत.

बाईंनी टेबलावरचा जुना कॅमशाफ्ट उचलला. एका गाठीवरून तर्जनी फिरवली आणि मध्येच थांबल्या.

"मिस्त्री, इथे बघा. बारीक बारीक खड्डे लागतायत."

मी बोट फिरवलं. मला काच लागली. गुळगुळीत, थंडसुद्धा नसलेली काच.

"लागतायत की," मी म्हणालो. "एवढं पळाल्यावर झिजणारच."

"आमचंही असंच असतं. दातांत पातळ पट्टी ठेवायची, चावायला सांगायचं आणि पट्टी ओढायची. नुसत्या ओढीवर कळतं, दात टेकतायत की नाही. आमचे सर म्हणायचे, हात बधिर झाला त्या दिवशी दवाखान्याला कुलूप लावा."

त्या हसल्या. मीही हसलो.

दोन वर्षांपूर्वी मला साखर निघाली. आधी पाय गेले, म्हणजे चालत होते, पण चपलेतला खडा कळेना. मग बोटं. डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली आणि म्हणाले, "नसांवर परिणाम झालाय. काम कसलं करता?" मी म्हणालो, "देखरेखीचं." घरी बायकोला साखर सांगितली, बोटं सांगितली नाहीत. गॅरेजमध्ये तर कुणालाच काही सांगितलं नाही. तीस वर्षं ज्या हातांवर मिरवलो, त्यांची बातमी मीच कशी फोडणार?

आणि यात नुसता मीच असतो, तर गोष्ट वेगळी होती.

मागच्या गल्लीत माझा मित्र होता, मायक्रॉन. हे आम्ही ठेवलेलं नाव; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इंजिनाच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, व्हॉल्व्ह जिथे येऊन टेकतो, ती सीट कापायचं काम तो करायचा, आणि मायक्रॉनखाली बोलायचाच नाही. चहातसुद्धा म्हणायचा, "वहिनी, साखर दोन मायक्रॉन कमी झाली." आठवड्यातून एकदा तो आमच्याकडे जेवायला असायचा. हेड त्याने करावं, फट मी लावावी, असं आमचं अठरा वर्षं चाललं होतं.

दीड वर्षापूर्वी एका व्हॅनचं हेड आम्ही दोघांनी केलं. दोन महिन्यांत तिचा एक व्हॉल्व्ह जळला. फट कमी राहिली की असं होतं. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. सीट नीट बसली नसली तरीही असंच होतं. व्हॅनचा मालक समोर उभा, मायक्रॉन शेजारी उभा. मी म्हणालो, "सीट बसली नसेल नीट." मायक्रॉनने माझ्याकडे एकदा बघितलं, हेड उचललं आणि चार दिवसांनी पुन्हा कापून आणून दिलं. एका शब्दाने वाद घातला नाही.

त्यानंतर मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हेड पुन्हा बसवताना मी सगळ्या फटी मुद्दाम पाचाने जास्त ठेवल्या. व्हॅन जराशी खडखडली, पण व्यवस्थित चालली. मग सगळ्यांचं म्हणणं ठरलं की पहिल्या वेळी सीटच बिघडली होती. मला माझ्या बोटांवर संशय नसता, तर मी पाच कशाला वाढवले असते? म्हणजे मला कळलेलं होतं. मी मित्राच्या डोक्यावर खापर फोडलं आणि ते त्याच्याच डोक्यावर राहू दिलं.

मायक्रॉनने तीन महिन्यांनी मशीन विकलं. लोकांनी त्याच्याकडे हेड पाठवणं बंद केलं असेल, असं मी धरून चाललो. आता तो बाजाराजवळ एका जिन्याखाली किल्ल्या बनवून द्यायचा. बायको विचारायची, "भावजी येत नाहीत ते?" मी म्हणायचो, "आखडलाय तो."

त्या संध्याकाळी मी फिलर गेज खिशात घालून घरी आणला. बायको शिलाई मशीनवर होती. कुठल्याशा इस्पितळाचे पांढरे कोट शिवायला घेतले होते तिने. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलो, डोळे मिटले आणि पाती चाचपू लागलो. जाड कुठलं, बारीक कुठलं? कळेना. पुन्हा पुन्हा चाचपली. आपण परीक्षेला बसलोय आणि प्रश्नपत्रिकाच कोरी आहे, असं वाटत होतं.

"अहो! रक्त!"

डोळे उघडले. पात्याच्या धारेने माझं बोट चांगलंच कापलं होतं आणि कोटाच्या बाहीवर थेंब पडले होते. तिने धावत जाऊन ओला फडका आणला. आधी कोट पुसायला घेतला, मग कोट टाकून माझा हात धरला.

"एवढं कापेपर्यंत कळलं नाही तुम्हाला?"

मी फडका बोटाभोवती गुंडाळायला लागलो.

"मी काय विचारतेय? कळलं नाही?"

"नाही कळत," मी म्हणालो. "दोन वर्षं होत आली."

ती रडेल असं वाटलं होतं, पण ती चिडली. "आणि त्या बाईंची गाडी? त्यात फटी मोजतोय म्हणून सांगत होतात ना परवा?" मी सांगितलं की सोळा व्हॉल्व्ह आहेत, सोळाच्या सोळा मापं वहीत लिहिलीत आणि त्यावरून फट बरोबर करणाऱ्या कमी-जास्त जाडीच्या चकत्या मागवायच्या आहेत. मापं चुकली की चकत्या चुकणार, आणि मग पूर्ण वेगात, बाई आत बसलेल्या असताना, इंजिन काय करेल याचा भरवसा नाही.

तिने माझ्या हातातली दोन पाती घेतली, डोळे मिटले, चिमटीत धरली. "हे जाड, हे बारीक." पंचवीस आणि तीस. एवढासा फरक, पण तिने श्वास घेण्याइतक्या सहज सांगितला.

"उद्या गॅरेज बंद ना? मी येते."

"तू? तिथे?"

"का? बायकांचं काम नाही ते?"

हे माझेच शब्द. लग्नानंतर महिनाभरात बोललो होतो. सव्वीस वर्षं तिने जपून ठेवले होते.

सकाळी शटर अर्धंच उघडलं. ती जुना ड्रेस घालून, केस बांधून आली होती. मी तिला फट दाखवली, पातं कसं सरकवायचं ते दाखवलं आणि धरल्यासारखं लागणं म्हणजे काय हे समजावताना अडखळलो. जे आपल्यालाच आठवेनासं झालंय, ते दुसऱ्याला कसं सांगायचं?

"दोऱ्याला मेण लावलं की तो जसा कापडातून धरून येतो, तसं?" तिने विचारलं.

"तसंच. अगदी तसंच."

मी इंजिन हाताने फिरवायचो, ती पातं सरकवायची. पहिले चार व्हॉल्व्ह वहीबरोबर जुळले आणि मला उगाच हायसं वाटलं. पाचव्याला ती थांबली.

"तीसचं जात नाही."

"जाईल. जरा जोर लाव."

"जोर लावला की जातंय. पण मग ते धरून येत नाही, दाटून येतं." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही जोर लावून घालत होतात?"

बोटांना कळत नाही म्हटल्यावर मी मनगटाच्या जोरावर पातं घालत होतो, आणि ते जात होतं. सोळापैकी सहा मापं खोटी निघाली. सगळ्या ठिकाणी फट मी लिहिली होती त्याहून कमी, दोन ठिकाणी तर पूर्ण पाचाने. व्हॅनचंही हेच झालं होतं. आता संशय म्हणायलासुद्धा जागा उरली नव्हती.

मी टूल-बॉक्सवर बसलो आणि तिला व्हॅनचं सगळं सांगितलं. मुद्दाम वाढवलेले पाचसुद्धा.

ती फडक्याला हात पुसत ऐकत होती. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिली.

"म्हणजे वर्षभर मी भावजींना नावं ठेवत होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही ऐकून घेत होतात."

"हो."

"मग हे मला काय सांगताय? त्यांना सांगा. आणि बाईंनाही सांगा."

बाईंना मी तिथूनच फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता कुणी मोजलंय?" मी म्हणालो, "बायकोने." "सोळाही?" "सोळाही." "चकत्या बसवल्यावरही त्यांनाच मोजायला लावा. आणि इंजिन सुरू करायच्या आधी मला बोलवा. मीही पातं ओढून बघणार." रागावल्या होत्या, पण गाडी परत मागितली नाही. मला तेवढंही जास्तच होतं.

मायक्रॉनच्या जिन्याखाली एक स्टूल, एक किल्ल्या कापायचं मशीन आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. एक गृहस्थ किल्लीसाठी थांबले होते. मला बघून तो स्टुलावरून उठला. "बस," म्हणाला. मी उभाच राहिलो.

"त्या व्हॅनचं बोलायला आलोय. तुझी सीट बरोबर होती. फट माझी चुकली होती. माझ्या बोटांना काही कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं."

त्याने मशीन बंद केलं. "मग दुसऱ्यांदा कशी चालली?"

"दुसऱ्यांदा मी पाच वाढवून ठेवले."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"संशय होता."

"संशय होता," तो म्हणाला. मग विचारलं, "पहिल्यांदा किती कमी होती?"

"पाच असेल."

"पन्नास मायक्रॉन." सवयीने बोलून गेला.

"लोकांनी काम देणं बंद केलं, ते माझ्या एका शब्दामुळे. मशीन विकावं लागलं तुला—"

"कोण म्हणालं बंद केलं?" त्याने मान हलवली. "कामं येत होती. ते हेड मी परत नेलं ना, तेव्हा मी चार दिवस ती सीट भिंगातून बघत होतो. खोट सापडेना. कशी सापडणार? पण तुझा हात चुकणार नाही हे मी धरूनच चाललो होतो. मग एकच उरलं. खोट आहे, मलाच दिसत नाहीये. डोळा गेला आपला. असल्या डोळ्याने लोकांची इंजिनं कशाला बिघडवायची, म्हणून विकलं."

मी शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. पाय धरायचीही तयारी होती. याची नव्हती. त्याने माझ्यावर एवढा विश्वास ठेवला, की स्वतःच्या डोळ्यांवरचा काढून घेतला. आणि मी त्याला आखडलेला म्हणत होतो.

"शिव्या तरी दे रे," मी म्हणालो.

"अहो, झाली का किल्ली?" गृहस्थांनी विचारलं.

मायक्रॉनने किल्ली हातात घेतली, देण्यासाठी पुढे केली आणि मागे घेतली. मग वाकून मशीनखालचा खण उघडला. तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फडकं उलगडलं, ते त्याचं भिंग होतं, सीट बघायचं. त्याने ते शर्टाला पुसलं, डोळ्याला लावलं आणि किल्ली उजेडाकडे धरली.

"चालेल की, द्या," गृहस्थ म्हणाले.

"थांबा. तिसऱ्या दाताला कड राहिलीय."

त्याने कानस घेतली, दोनदा हलकेच फिरवली आणि पुन्हा भिंगातून बघू लागला. खूप वेळ बघत होता. मी तिथेच उभा होतो. त्याने मला जा म्हटलं नाही, आणि पुन्हा बसही म्हटलं नाही.