पिशवीवरचं बालंट

राहीच्या ओटीपोटातल्या दुखण्यावर हरिहरेश्वरात एकमत झालं होतं: गर्भाची पिशवी काढून टाकायची. गावात इतकं एकमत एरवी फक्त दुसऱ्याच्या बांधाच्या वादावर होतं.

दुखणं तिसऱ्या बाळंतपणानंतरचं. सकाळी नसायचं. घरच्या खानावळीत शेगडीपुढे उभ्याने भाकऱ्या थापता थापता दुपारपर्यंत ओटीपोट असं जड व्हायचं, की आत कुणी वरवंटा ठेवलाय असं वाटावं. आडवं पडलं की उतरायचं. यावर सासूबाई गोदूबाईंनी निदान केलं होतं.

"झोपल्याव बरा वाटतो? असला आजार मना पन होवदे गो."

तशा त्या निर्दय नव्हत्या. त्यांची स्वतःची पिशवी काढलेली, दोन्ही जावांची काढलेली. सुनेला त्या वंचित ठेवणार नव्हत्या. नवरा कुलदीप गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "गर्दी ओसरली की उरकून टाकू." बायकोच्या दुखण्याने पर्यटकांचा हंगाम तेवढा सांभाळून घ्यावा, एवढीच त्याची अपेक्षा. माणगावच्या सर्जननी सोमवार दिला. आधीच्या सोनोग्राफ्या सगळ्या नॉर्मल होत्या. काहीच सापडत नाही त्याअर्थी पिशवीच, असा त्यांचा अनुभव होता.

"काढूनही दुखायचं राहिलं नाही तर?" राहीने विचारलं होतं. काढलेली पिशवी परत बसवत नाहीत, एवढं तिला कळत होतं. बाकीच्यांना तिची भीती कळत होती आणि त्या भीतीवर त्यांच्याकडे औषध होतं: सोमवार.

ऑपरेशनआधी पुन्हा एक सोनोग्राफी. या वेळी डॉक्टर नवीन होत्या, डॉ. अतिया.

"कधी दुखतं?"

"उभं राहिलं की."

"आत्ता दुखतंय?"

"आत्ता कसं दुखेल? झोपवलंय ना तुम्ही."

डॉक्टरांचा हात थांबला. "उतरा खाली. उभ्या राहा. आता कुंथल्यासारखा जोर करा."

पडद्यावर गर्भाशयाच्या कडेच्या शिरा गांडुळांसारख्या फुगल्या आणि रंगांनी भरून गेल्या.

"काहींच्या पायावर शिरा फुगतात ना, तशा या आतल्या," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त वर जायला हवं. शिरेतल्या झडपा मिटत नाहीत, म्हणून उलटं खाली येऊन साचतंय. पिशवीत मला काही दोष दिसत नाही. मुंबईत शिरांचा एमआरआय करा. खात्री पटली तर बारीक नळी घालून बिघडलेली शीर आतून बंद करता येते."

घरी गोदूबाईंना पटलं नाही. "सगल्यांची काढली. तुझीच काय सोन्याची हाय?"

"सोन्याची न्हाय, पण चांगली हाय," राही म्हणाली. "चोर शेजारच्या शिरा, आणि घर पिशवीचं पाडायचं?"

"अगं, सर्जनसाहेबांना काय वाटेल?" कुलदीप कळवळला. बायकोच्या दुखण्याने तो इतका कधी कळवळला नव्हता.

राहीने त्याच्यासमोरच सर्जनना फोन लावला. "सोमवारचं रद्द करा, साहेब. मी मुंबईला चाललेय." पलीकडून बरंच ऐकू आलं. तिने ते सगळं शांतपणे ऐकलं आणि फोन ठेवला.

सोमवारी ती पहाटेच्या एसटीत खिडकीशी बसली. खानावळीत शेगडीपुढे कुलदीप उभा राहिला. दुपारची पंगत उठायच्या आतच भिंतीला टेकून म्हणाला, "आये, कंबर गेली माझी."

गोदूबाईंनी सवयीने उपाय सांगायला तोंड उघडलं, लेकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि काढण्यासारखं काहीच न सापडल्यामुळे गप्प बसल्या.